कागदावरचं वय : तपकिरी बटूंच्या वेगाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आज आईचा वाढदिवस. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा. मास्तरांनी वाडीतल्या निम्म्या पोरांना घातला तोच, १ जून. खरी तारीख कुणालाच माहीत नाही. "त्या साली आंबा भरपूर आला होता," एवढीच नोंद. सईने केक आणला होता. ती म्हणाली, "मामा, आजीचं वय तिच्याकडे बघून काढता येईल का रे?" मी म्हटलं, बघून नाही, चालण्यावरून काढता येईल कदाचित. आणि तिथून विषय निघाला.

यंदा पाऊस मे संपायच्या आतच कोकणात उतरला. सहा इंची दुर्बीण घोंगडीत गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून माळ्यावर गेली. आता ऑक्टोबरपर्यंत आकाश नाही. दरवर्षी या चार महिन्यांत मी चिडचिडा होतो असं घरच्यांचं मत. म्हणून या पावसाळ्यात डेटावरचं काम: ब्राउन ड्वार्फ, म्हणजे तपकिरी बटू, त्यांच्या अवकाशातल्या वेगावरून त्यांच्या वयाचा अंदाज काढायचा. सई इंजिनिअरिंगला आहे, कॉलेज सुरू होईपर्यंत चिपळुणातच. प्रोग्रॅम तिचा, कटकट माझी.

वय काढायचं अडतं कुठे, ते आधी लिहून ठेवतो. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजन पेटला की तो अब्जावधी वर्षं जवळजवळ तसाच राहतो. गुरूच्या साधारण ७५ पटींहून कमी वस्तुमान असेल तर ते पेटणं टिकत नाही. मग जन्मतः मिळालेली ऊब घेऊन तो गोळा आयुष्यभर निवत जातो. चुलीवरून उतरवलेला तवा. आता समोर कोमट तवा दिसला, तर तो नुकताच उतरवलेला पातळ पत्र्याचा की तासापूर्वी उतरवलेला जाड बिडाचा? हात लावून कळत नाही. बटूंचं तेच: मंद दिसणारा बटू कोवळा आणि हलका असू शकतो, किंवा म्हातारा आणि जड. वय कळलं तर वस्तुमान कळतं, वस्तुमान कळलं तर वय. दोन्ही अज्ञात, समीकरण एक.

असे गोळे असले पाहिजेत हे शिव कुमार या मूळच्या भारतीय खगोलशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने मांडलं होतं. 'ब्राउन ड्वार्फ' हे नाव जिल टार्टर यांनी १९७५मध्ये दिलं. पक्के सापडायला मात्र १९९५ उजाडलं: कृत्तिकांमधला तेईदे १ आणि ग्लीझ २२९ या ताऱ्याचा जोडीदार.

८ जून, रविवार

प्रोग्रॅमला हात लावण्याआधी हाताने हिशेब. माझा नियम आहे, सईला तो जुनाट वाटतो.

आकाशात आडवी सरक (स्वगती) दरवर्षी किती सेकंदांची (हे कोनाचे सेकंद, अंशाचा ३६००वा भाग), आणि लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे तारा जितका हललेला भासतो तो कोन, किती सेकंदांचं, हे दोन आकडे घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ४.७४ने गुणा. आडवा वेग किमी/सेकंदमध्ये हातात. हे ४.७४ कुठून आलं असं सईने विचारलं, बरं वाटलं. पृथ्वी-सूर्य अंतर १४.९६ कोटी किमी, वर्षाचे ३.१५६ कोटी सेकंद. भागाकार करून बघ म्हटलं. तिने केला.

लुहमन १६. आपल्यापासून साडेसहा प्रकाशवर्षांवरची तपकिरी बटूंची जोडी, २०१३मध्ये वाईज उपग्रहाच्या चित्रांत सापडली. स्वगती २.७९, लंबन ०.५०२. वेग साधारण २६ किमी/सेकंद.

वाईज ०८५५. साडेसात प्रकाशवर्षांच्या आत, आणि तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास. तारा म्हणावा तर यापेक्षा आपली फ्रीजमधली बाटली फार थंड नाही. स्वगती ८.१५, लंबन ०.४३९. वेग ८८.

सई लगेच म्हणाली, "म्हणजे हा म्हातारा, तो तरुण." नाही गं बाई. तसं असतं तर आज संध्याकाळी प्रकल्प संपला असता. ८८चा वेग तरुणाला मिळू शकतो, २६चा म्हाताऱ्याला. शिवाय यात फक्त आडवा वेग आहे. आपल्याकडे येण्याजाण्याचा वेग, म्हणजे अरीय वेग, अजून धरलेलाच नाही. एकट्यादुकट्याच्या वेगावरून वय निघत नाही, निघतं ते घोळक्याचं.

१५ जून, रविवार

दिवसभर कोसळतोय. वाशिष्ठीच्या पाण्याची पातळी किती, याचे निरोप मोबाइलवर सारखे येतायत. २०२१च्या जुलैनंतर इथे कुणाला पावसाचं कौतुक उरलेलं नाही. पुस्तकं आणि बॅटऱ्या वरच्या मजल्यावर नेल्या, मग काम.

घोळक्याचं वय वेगावरून का निघतं? तारे जन्मतात ते आकाशगंगेच्या तबकडीतल्या वायूतून. तो वायू केंद्राभोवती बऱ्यापैकी शिस्तीत, जवळजवळ वर्तुळाकार फिरतो. त्यामुळे नवजात ताऱ्यांचे आपापसातले वेग फारसे वेगळे नसतात, दहाएक किमी/सेकंदांचा फरक. पुढे वाटेत महाकाय रेणूमेघ (वायूचे प्रचंड ढग) भेटतात, सर्पिल भुजा भेटतात. प्रत्येक भेटीत थोडी ओढ, थोडा धक्का. कुणी वर उसळतो, कुणी आत वळतो. जितकी वर्षं जास्त तितके धक्के जास्त, तितका वेगांचा फैलाव मोठा. स्पिट्झर आणि श्वार्झशिल्ड यांनी १९५१मध्ये हे मेघांचं गणित मांडलं, तेव्हा असे प्रचंड रेणूमेघ कुणी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते. फैलाव दिसतोय तर धक्का देणारं काहीतरी जड असलं पाहिजे, एवढ्यावर.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. मेघ लाखो सूर्यांच्या वजनाचा. त्याच्या ओढीला सूर्य काय आणि सूर्याच्या विसाव्या हिश्शाचा बटू काय. हत्तीच्या धडकेत उंदीर नि मांजर सारखेच उडतात. म्हणून साध्या, सूर्यासारख्या ताऱ्यांवरून 'इतकं वय तर इतका फैलाव' हा तक्ता बनवायचा आणि तोच बटूंना लावायचा. बटूच्या पोटात काय चाललंय, त्याच्यावर ढग कसले आहेत, तो किती निवला, यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. निवण्याच्या गणितापासून पूर्ण वेगळा साक्षीदार. म्हणून ही पद्धत मोलाची, तिच्यात चुका ढीगभर असल्या तरी.

२९ जून, रविवार

दोन रविवार एका चुकीत गेले.

सईने गाया उपग्रहाच्या तिसऱ्या यादीतून (जून २०२२ची) लंबन ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असलेले, म्हणजे २० पार्सेकच्या (साधारण ६५ प्रकाशवर्षांच्या) आतले मंद लाल गोळे काढले. त्यात हातहिशेबाची तपासणी म्हणून मी लुहमन १६चे आकडे वेगळे टाइप करायला लावले. उत्तर आलं १६ किमी/सेकंद. हाताने २६.

मी म्हटलं प्रोग्रॅम चुकला. ती म्हणाली हात चुकला. आईने चहा ठेवला आणि म्हणाली, "दोघं मिळून एकदा वाचा की." वाचलं.

विषुवांशातली (आकाशातल्या रेखांशातली) सरक मोजताना क्रांतीच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणावं लागतं, कारण ध्रुवाकडे रेखा जवळ येत जातात. हे आम्हा जुन्या लोकांना इतकं पाठ की मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "कॉस डेल्टा विसरू नको." ती विसरली नाही. पण गायाच्या रकान्यात तो गुणाकार आधीच केलेला असतो! लुहमन १६ची क्रांती वजा ५३ अंश, कोज्या ०.६. पूर्व-पश्चिमेची २.७६ सेकंदांची सरक पुन्हा गुणल्यावर १.६५ झाली, आणि २६चे १६ झाले.

म्हणजे चूक माझीच. सईने वहीत लाल पेनने 'मामा १, सई ०' असं लिहून खाली 'चुका' असा मथळा दिला.

गंमत अशी की सगळ्या यादीला ही चूक लागली असती तर फैलाव कमी दिसला असता आणि आमचे सगळे बटू अचानक तरुण झाले असते. आकडा बिनचूक दिसला असता, दशांश चिन्हासकट.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी आणि चिन्हांचा घोळ.

तिन्ही वेग हातात आले की ते आकाशगंगेच्या चौकटीत फिरवतात: यू म्हणजे केंद्राच्या दिशेने, व्ही म्हणजे फिरण्याच्या दिशेने, डब्ल्यू म्हणजे तबकडीतून वर. जॉन्सन आणि सोडरब्लॉम यांच्या १९८७च्या लेखातला सारणीचा नियम सगळे वापरतात. सूर्य स्वतः शेजाऱ्यांच्या तुलनेत केंद्राकडे साधारण ११, पुढे १२ आणि वर ७ किमी/सेकंद असा सरकतोय. म्हणून शेजाऱ्यांची सरासरी उलटी, उणे दिसायला हवी. आमची यूची सरासरी अधिक आली. जुन्या काही लेखांत यू केंद्रापासून दूर मोजतात, मी सारणी एकाची आणि चिन्ह दुसऱ्याचं घेतलं होतं.

फैलावाला याने काहीच फरक पडत नाही, वर्ग केला की चिन्ह जातं. पण पुढे कुळं, म्हणजे एकत्र जन्मून एकत्र चालणारे तारे, शोधायला बसलो असतो तर प्रत्येक बटू चुकीच्या घरी पोचवला असता. लाल पेन: मामा २.

२० जुलै, रविवार

सई पुण्याला गेली. आता व्हिडिओ कॉल. आज चार तास, मध्ये दोनदा वीज गेली.

खरा प्रश्न आज आला. फैलावाचं वय कसं करायचं? ऑमर आणि बिनी यांनी २००९मध्ये हिपार्कस उपग्रहाच्या ताऱ्यांवरून काढलेलं सूत्र वापरतोय. थोडक्यात: फैलाव वयाच्या सुमारे ०.३५ ते ०.४ घाताने वाढतो, आणि १० अब्ज वर्षांच्या घोळक्याचा एकूण फैलाव सुमारे ५७ किमी/सेकंद. ढोबळ हिशेबाला मी घात एक तृतीयांश धरला. म्हणजे उलट्या बाजूने वय हे फैलावाच्या घनाने जातं. घनाने! फैलावात १० टक्के चूक म्हणजे वयात ३३ टक्के.

सईने संगणकात ५० खोटे बटू बनवले. यूचा फैलाव ३०, व्हीचा २०, डब्ल्यूचा १७. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ४०. ५७ने भागून घन, गुणिले दहा: ३.५ अब्ज वर्षं. छान. मग त्याच पिशवीतून पुन्हा पुन्हा नवे ५० काढले. वय हलायला लागलं. तीनातल्या दोन वेळा उत्तर २.८ ते ४.१ अब्जांच्या मध्ये, उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर. आणि हे मोजमापात एकही चूक नसताना, फक्त कोण हाताला लागलं त्यावर.

मग मी म्हटलं, यातले तीन काढ आणि त्यांच्या जागी १५० किमी/सेकंदवाले तीन टाक. तबकडीचा एक जाड, जुना थर असतो. त्यातले तारे असे भन्नाट फिरतात आणि अधूनमधून आपल्या शेजारातून जातात. पन्नासात तीन म्हणजे काहीच नाही. हिशेब हातानेही होतो: ४७ गुणिले १६००, अधिक ३ गुणिले २२५००, भागिले ५०. मूळ ५३.४. वय ८.२ अब्ज वर्षं.

फोनवर दोघंही गप्प. सत्तेचाळीस जण जिथल्या तिथे, तीन पाहुणे आले आणि गावाचं वय दुपटीहून जास्त झालं.

हे नुसतं खेळातलं नाही. बर्गॅसर आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये २० पार्सेकच्या आतल्या बटूंचे वेग मोजले तेव्हा एम वर्गाच्या (एम, एल, टी, वाय हे उतरत्या तापमानाचे वर्ग) शेवटच्या टोकाचे गोळे ४ अब्ज वर्षांचे निघाले आणि त्यांच्याहून थंड एल वर्गाचे साडेसहा अब्जांचे. निवण्याच्या गणिताप्रमाणे एलवाले जास्त म्हातारे असायचं कारण नाही. त्या वर्गात कोवळ्या वयात तात्पुरते थांबलेले तपकिरी बटू बरेच असतात, म्हातारे होईतो ते पुढच्या टी वर्गात निवून गेलेले असतात. हा पेच बरीच वर्षं होता. २०२१मध्ये श्यू आणि मंडळींनी हवाईतल्या केक दुर्बिणीने ३७ टी बटूंचे अरीय वेग अर्ध्या किमी/सेकंदांपर्यंत मोजले, आधीचे धरून १७२ गोळ्यांची यादी केली आणि एलमधले जाड थरातले वेगळे काढले. मग आकडे आले: एम ४.१, एल ४.२, टी ३.५ अब्ज वर्षं. पेच बहुतेक सुटला. वर त्यांना एल४ ते एल६च्या दरम्यान फैलावात एक तुटकी पायरी दिसली, बहुधा तिथेच खरे तारे संपतात आणि पुढे नुसते बटू उरतात. वेगाच्या तक्त्यात ताऱ्यांची हद्द दिसावी, हे मला वय काढण्याहूनही मोठं वाटतं.

तरी एक गोष्ट खुपते. जे जोरात पळतात त्यांना म्हातारे म्हणून बाहेर काढायचं आणि उरलेल्यांच्या पळण्यावरून 'हे काही फार म्हातारे नाहीत' असं म्हणायचं. काढायला हरकत नाही, पण मग उत्तर 'तबकडीच्या पातळ थरातल्या एल बटूंचं वय' असं पूर्ण लिहावं. जाड थराचा दुसरा पुरावा, म्हणजे वर्णपटात धातूंची टंचाई आणि निळसर छटा, हाती असेल तरच मी कुणाला यादीतून काढणार. नुसत्या वेगावरून नाही. सईला हे हट्टीपणाचं वाटतं.

२९ जुलै, नागपंचमी

वीज नाही. इन्व्हर्टर बसला. पातोळ्या खाल्ल्या.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

सई दोन दिवसांसाठी आली. बसली ती अरीय वेगाची रड घेऊन.

गायाची यादी आडवा वेग उत्तम देते, पण गायाचा वर्णपटमापक इतक्या मंद गोळ्यांपर्यंत पोचला नाही. टी आणि वाय वर्गातले तर गायाला दिसलेच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यांची लंबनं स्पिट्झरसारख्या अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बिणींनी घेतलेली. त्यामुळे आमच्या यादीत तिसऱ्या वेगाचे रकाने मोकळे. भरायचे तर निरनिराळ्या लेखांतून, आणि प्रत्येकाची अचूकता वेगळी.

सईचं म्हणणं, २० किमी/सेकंदांची चूक असलेले आकडेसुद्धा घेऊ, नसण्यापेक्षा बरे. हिशेब मांडला. खरा फैलाव ४० आणि एका दिशेत २०ची चूक: १६०० अधिक ४००, मूळ ४४.७, वय ३.५ऐवजी ४.८. मोजमापातली अस्थिरता नेहमी फैलाव वाढवते, कधीच कमी करत नाही. ढिसाळ माणसाचे बटू नेहमी म्हातारे निघतात. चूक किती, त्याचा वर्ग करून वजा करता येतो, पण त्यासाठी आपली चूक नेमकी किती हे प्रामाणिकपणे माहीत हवं. आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. न कळलेल्या जोड्या आणखी वाईट: दोन बटू एकमेकांभोवती फिरत असतील तर मोजलेला वेग त्यांच्या फुगडीचा असतो, प्रवासाचा नाही.

तिने विचारलं, आपल्या देशात मोजता येईल का? उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि एरीज (नैनितालची खगोलसंस्था) यांचा टॅनस्पेक हा अवरक्त वर्णपटमापक आहे. त्याची विभेदनक्षमता (किती बारीक फरक ओळखतो त्याचं माप) साधारण २७५०, म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले तेवढं, सुमारे ११० किमी/सेकंद ही त्याची एक पायरी. पायरीचा दहावा हिस्सा ओळखू आला तरी ११ किमी/सेकंद. बटू कोणत्या वर्गाचा हे ठरवायला सुरेख, आमच्या कामाला ठोकळ. केकवरचा मापक याच्या दहापट बारीक.

ठरलं: ज्यांची चूक ३ किमी/सेकंदांपेक्षा कमी तेच अरीय वेग घ्यायचे. बाकीच्यांचा फक्त आडवा वेग, आणि तो घोळका वेगळा ठेवायचा. दोन्ही एकत्र कालवायचे नाहीत. यादी बरीच आटली. राखी बांधायला धाकटी बहीण आली होती, सईची आई. ती म्हणाली, "लेकीला सुट्टीत तरी सोड."

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आज काम नाही.

७ सप्टेंबर, रविवार

खग्रास चंद्रग्रहण. दुर्बीण माळ्यावरून खाली काढली, पुसली, अंगणात मांडली. रात्री अकरा ते साडेबारा ढगांच्या पोटात नुसती तांबूस शंका. दुर्बीण पुन्हा वर गेली. झोप उडालीच होती म्हणून कुळांवर बसलो.

एकट्या बटूचं वय वेगावरून काढायचा एकच सरळ मार्ग: त्याचे सोबती शोधणं. एकाच मेघातून एकाच वेळी जन्मलेले तारे काही काळ जवळजवळ सारख्याच वेगाने एकाच दिशेला चालत राहतात. त्यातल्या एखाद्या नीट ताऱ्याचं वय कळलं की ते सगळ्यांचं. बीटा पिक्टोरिस कूळ साधारण अडीच कोटी वर्षांचं, टीडब्ल्यू हायड्रे एक कोटीच्या आसपास. सिंप ०१३६ हा टी वर्गातला बटू २०१७मध्ये कॅरिना-निअर या सुमारे २० कोटी वर्षांच्या कुळातला निघाला. वय कळताच वस्तुमान कळलं, गुरूच्या जेमतेम १३ पट, म्हणजे ग्रह आणि बटूंच्या कुंपणावर. आणि आमचा लुहमन १६? २०२३मध्ये गान्ये आणि मंडळींनी त्याला ओशनस नावाच्या कुळात बसवलं, वय साधारण ५० कोटी वर्षं. जूनमध्ये मी त्याच्या २६ किमी/सेकंदांवरून काही सांगता येत नाही म्हणालो होतो. सोबती सापडल्यावर सांगता आलं.

अर्थात सारख्या वेगाने चालणारा प्रत्येक जण नातेवाईक नसतो. श्यू मंडळींच्या टी बटूंत चार जण कुळांत बसत होते, पण दोघांच्या वर्णपटात कोवळेपणाची खूणच नव्हती. योगायोगाने जत्रेत शेजारी चालणारे.

सकाळी आईला हे सांगत होतो. तिला तारे-बिरे नको असतात, पण ऐकून घेते. मध्येच म्हणाली, "शेवंता माझ्याच आठवड्यातली. तिचे बाबा भिक्षुकी करायचे, सगळं वहीत लिहायचे." अठ्ठ्याहत्तर वर्षांत हे आज.

१४ सप्टेंबर, रविवार

शेवंतामावशी गुहागरला मुलाकडे असते. गेलो होतो. वही खरंच आहे, देवघराखालच्या पेटीत, कडा वाळवीने खाल्लेल्या. पान सापडायला तास गेला, मोडी मला अडखळत वाचता येते. दक्षिणा, तांदूळ, कुणाचं तरी श्राद्ध, आणि मध्ये एक ओळ: 'श्रावण वद्य पंचमी, बुधवार, कन्या झाली.'

शक नाही, सन नाही. जिथे असावं ती कड वाळवीने नेली. तिथी आणि वार जुळणारी सालं एकापेक्षा जास्त निघणार. फोटो काढून सईला पाठवला. तिचं उत्तर आलं: "पंचांगाचा कोड लिहिते. मामा, अधिक महिना धरायचा ना? आधीच सांग, नंतर लाल पेन नको."